रबाळे एमआयडीसीत जुन्या होंडा सिटीची अख्खी वायरिंग बदलून घेतली, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी कोणासाठी लिहितोय ते सांगतो. जुनी सिटी, स्विफ्ट, पोलो असली काहीतरी गाडी घेतलीये, ट्रॅकसाठी उघडलीये, सीटा काढल्या, कार्पेट काढलं, केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) वेल्ड करून घेतला आणि आता डॅशबोर्डच्या मागचं वायरींचं जंजाळ बघून गाडी तशीच उभी आहे, अशा लोकांसाठी. ठाणे-नवी मुंबईत असे बरेच आहेत हे मला माहितीये, कारण मी आणि माझा धाकटा भाऊ तेच होतो.

वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत आहे, बाहेर नावाची पाटी नाही, एक शटर, आत दोन गाड्या कशाबशा मावतात एवढी जागा. काम तोंडी ओळखीवर चालतं. मालकांना सगळे दादाच म्हणतात, मीही दादाच म्हणणार. इंजिन उघडणं, सस्पेन्शन, पेंट यातलं काही ते करत नाहीत, फक्त वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स, आणि तेही बहुतेक रेस आणि रॅलीच्या गाड्यांचं. ज्यांना कुणाकडून नंबर मिळणार नाही त्यांनी आपल्या केजवाल्याला विचारा, या भागातल्या बहुतेक फॅब्रिकेटर लोकांना दादा माहितीयेत.

गाडी आमची २००८ नंतरच्या मॉडेलची होंडा सिटी, १४९७ सीसीची आय-व्हीटेक, ११८ पीएस वाली. इंजिन अफलातून आहे, वर सात हजारापर्यंत मस्त ओढतं, पण ही गाडी कंपनीने रस्त्यासाठी बनवलीये आणि तिची इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांत पार गुंतलेली आहे. किल्लीतली चिप ओळखली नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालू होऊ देत नाही. डॅशच्या खालच्या फ्यूजबॉक्समध्येच एमआयसीयू नावाचं युनिट आहे, त्याच्याकडे लाइट, वायपर, लॉकिंग, हॉर्न सगळं. ॲक्सिलरेटरला केबल नाही, सगळं वायरने. स्टिअरिंग इलेक्ट्रिक, त्याला गाडीचा स्पीड आणि इंजिनचे आरपीएम कॅनवरून (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन) कळतात. अल्टरनेटरने किती चार्ज करायचं तेसुद्धा इंजिनचा ईसीएम ठरवतो. म्हणजे तुम्ही वजन कमी करायला म्हणून एक कपलर काढला की भलतीकडेच काहीतरी बंद पडतं, मीटरवर चार लाइट पेटतात आणि शोधत बसा. रेसमध्ये मागून कुणी ठोकलं, एखादी वायर चेपली गेली आणि गाडी बंद पडली तर पिटमध्ये कंपनीच्या वायरिंगमधला फॉल्ट शोधणं जवळपास अशक्य असतं, कारण अर्ध्या वायरी अशा गोष्टींच्या असतात ज्या आता गाडीत नाहीतच.

यावर बरेच जण करतात ते म्हणजे नको असलेल्या वायरी कापून टेप मारायची आणि मूळ ईसीएमवर वरून एखादा पिगीबॅक (मूळ ईसीएमचे सिग्नल मध्येच बदलणारा डबा) बसवायचा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ठाण्यातल्या एका गॅरेजात हेच करून घेतलं, नाव घेत नाही. मूळ वायरीला मध्येच सोलून दुसरी वायर गुंडाळलेली, वरून काळी टेप. आपल्याकडच्या पावसात आणि खाडीच्या हवेत त्या टेपखाली तांबं हिरवं पडलं, गाडी ट्रॅकवर मिसफायर करायला लागली, आणि दोष मात्र इंजेक्टरला, प्लगला, पेट्रोलला देऊन झाला. ते बघूनच आम्ही ठरवलं की करायचं तर मुळापासून.

दादांकडे गेलो तेव्हा त्यांची पहिली अट होती की गाडी चालू स्थितीत आणा, काहीही न काढता. आम्हाला वाटलं होतं सगळं उपसून नेलं तर त्यांचं काम कमी होईल. पण त्यांनी आधी लॅपटॉप लावून चालत्या गाडीच्या कॅनवर कोण काय बोलतंय ते सगळं रेकॉर्ड करून घेतलं. आयडलला, रेस करून, चाकं उचलून गिअरमध्ये, ब्रेक दाबून, स्टिअरिंग फिरवून. "एकदा ईसीएम काढला की स्टिअरिंगला कोण सांगणार इंजिन चालू आहे म्हणून? तो काय भाषा बोलत होता ते आत्ताच लिहून ठेवायला पाहिजे," असं म्हणाले. या एका गोष्टीवरून मला कळलं की माणूस कामातला आहे.

मग एअरबॅग. हे घरी करू नका, प्लीज. एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे) दोन्हीत स्फोटक चार्ज असतो. बॅटरी काढून थांबायचं, होंडा किमान तीन मिनिटं सांगते, दादा अर्धा तास थांबले. त्या कपलरला मल्टिमीटर लावायचा नाही, मीटरच्या करंटनेही फुटू शकते, आणि काढलेली बॅग कव्हरची बाजू वर करूनच ठेवायची. सहा पॉइंटचा बेल्ट आणि केज असलेल्या गाडीत एअरबॅगचं काम उरत नाही म्हणून ती जायलाच हवी, पण जाताना कुणाचा हात घेऊन जायला नको.

सामान काय टाकलं ते सांगतो कारण हा प्रश्न सगळ्यात आधी येणार. इंजिनसाठी इक्यूमास्टरचा ईएमयू ब्लॅक ईसीयू (ईसीयू म्हणजे ईसीएमच), फ्यूज-रिलेच्या जागी पॉवर वाटायला त्यांचंच पीएमयू १६, समोर पाच इंची एडीयू डिस्प्ले, आणि आठ बटणांचा कॅन कीपॅड. पोलंडची कंपनी आहे. लिंक, हॉलटेक, मोटेक यांचेही चांगले ईसीयू आहेत आणि दादा तेही लावतात, त्यांचा कुठल्या ब्रँडसाठी आग्रह नाही. आमच्या इंजिनला ब्लॅक पुरतो कारण इलेक्ट्रिक थ्रॉटल चालवायची सोय त्याच्यात आहे, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड लॅम्डाचा कंट्रोलर आतच आहे, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर थेट लागतो, मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सरही आतमध्ये. वेगळे डबे घ्यावे लागत नाहीत.

पण खरा फरक पीएमयूने पडतो असं माझं मत आहे आणि लोक नेमका तोच खर्च टाळतात. १६ आउटपुट, त्यातले दहा २५ अँपिअरचे आणि सहा १५ चे, एकूण १५० अँपिअर. रिले नाहीत, फ्यूज नाहीत. प्रत्येक लाइनला किती करंट जास्तीत जास्त चालेल ते सॉफ्टवेअरमध्ये ठरवायचं, त्याच्या वर गेलं की ती लाइन बंद होते आणि सांगितलं असेल तेवढ्या वेळा पुन्हा चालू करून बघते. म्हणजे ब्रेक लाइटची वायर बंपरसकट घासली जाऊन शॉर्ट झाली तर फक्त ब्रेक लाइट जातो, गाडी पळत राहते आणि डॅशवर ब्रेक लाइट ओव्हरकरंट असं स्पष्ट येतं. वायपर मोटर जागेवर येऊन थांबण्यासाठी लागणारं ब्रेकिंगही हाच करतो, त्यासाठी वेगळा रिले लागत नाही. ज्यांनी ट्रॅकवर पाऊस पाहिलाय त्यांना वायपरची किंमत वेगळी सांगायला नको.

आता वायरिंग, ज्याच्यासाठी खरंतर पैसे दिले. कंपनीच्या वायरीला पीव्हीसीचं आवरण असतं, यांनी टेफझेल वापरलं, १५० डिग्रीपर्यंत टिकतं आणि पातळ असतं त्यामुळे गठ्ठाही बारीक होतो. टेबलावर खिळे ठोकून गाडीच्या मापाचा नकाशा काढलेला, आणि त्याच्यावर वायरी थराथराने पिळत नेतात, सुंभाची दोरी वळतात तशा, एक थर या बाजूला तर पुढचा उलट्या बाजूला. त्यामुळे लूम, म्हणजे वायरींचा तयार गठ्ठा, वाकवलं तरी कुठल्या एका वायरीवर ताण येत नाही. वरून डीआर-२५ श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी), जी पेट्रोल-डिझेल-ऑइलने खराब होत नाही. क्रँक आणि कॅम सेन्सरच्या वायरी शील्डवाल्या, आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केलेली, दोन्हीकडे केली तर तीच नॉइज उचलते. सेन्सरचा अर्थ वेगळा, कॉइल आणि इंजेक्टरचा वेगळा. एवढ्या साध्या गोष्टी आहेत या पण इथेच बहुतेकांच्या गाड्या बिघडतात.

सोल्डर कुठेच नाही. मी विचारलं तर दादांनी एक जुना तुकडा काढून दाखवला, सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढलेलं आणि जिथे ते संपतं बरोबर तिथे तारा तुटलेल्या. व्हायब्रेशनमध्ये कडक भाग आणि मऊ भाग यांच्या सांध्यावरच तुटतं. म्हणून सगळं क्रिंप (पिन वायरीवर दाबून घट्ट बसवणं), प्रत्येक पिनेला योग्य टूल, आणि प्रत्येक मापाच्या वायरीचा एक नमुना क्रिंप करून ओढून तोडून बघतात, पिन सुटून आली तर टूलचं सेटिंग बदलतात, वायर तुटली तर ठीक. त्यांच्याकडे काम करणारा पोरगा आहे, वीस-बावीसचा असेल, त्याने माझ्यासमोर नमुना ओढला, पिन जराशी सरकली, तर त्याने त्या सेटिंगवर आधी केलेल्या सगळ्या पिना कापून टाकल्या आणि परत केल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

लूम गाडीत जायच्या आधीची एक तपासणी मला फार आवडली. ईसीयू, पीएमयू, डॅश, कीपॅड सगळे एकाच कॅनवर बोलतात, दोन पिळलेल्या वायरी, आणि त्या लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. पॉवर बंद ठेवून दोन वायरींमध्ये मीटर लावला तर ६० दिसायला पाहिजे. १२० दिसलं तर एक टोक सुटलंय, ४० दिसलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घातलाय. दादांनी मीटर माझ्या भावाच्या हातात दिला, त्याला कुठे प्रोब लावायचा ते दाखवलं, ६० आलं, म्हणाले, "ट्रॅकवर डॅश काळा पडला तर सगळ्यात आधी हे बघायचं, मला फोन नंतर." आणि मग प्रत्येक आउटपुटला बल्ब लावून बेंचवर अख्खी गाडी चालवून दाखवली. फॅन, पंप, लाइट, सेल्फचा सिग्नल, सगळं टेबलावर.

एबीएसचं सांगायलाच हवं. आम्हाला एबीएस काढायचा होता, वजनही जातं आणि पाइपिंगही साधं होतं. मी म्हटलं, दादा, तो ब्लॉक काढून टाकू. ते म्हणाले, "काढा, पण मग मागच्या ब्रेकचं काय करणार?" मुद्दा असा की या गाडीत एबीएसबरोबर ईबीडी येतं, म्हणजे मागच्या चाकांना किती प्रेशर द्यायचं हे तो ब्लॉकच सांभाळतो. तो काढून सरळ पाइप जोडले तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होणार, आणि तेही मागे सीट-कार्पेट नसलेल्या हलक्या गाडीत. म्हणून मागच्या लाइनला ॲडजस्ट करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकल्याशिवाय त्यांनी काम पुढे नेलं नाही, खरंतर ब्रेक त्यांच्या कामात येतही नाहीत. चाकांचे स्पीड सेन्सर मात्र ठेवले, ते आता लॉगिंगसाठी कामाला येतात, पुढचं कुठलं चाक कधी लॉक झालं ते ग्राफवर दिसतं.

स्टिअरिंगची मोटर ताण आला की चाळीस-पन्नास अँपिअर सहज खेचते, त्यामुळे ती पीएमयूच्या एका चॅनलवर बसत नाही, तिला किल स्विचच्या (सगळी वीज एकदम तोडणारा स्विच) पुढून स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज दिलाय. आणि सुरुवातीला जे रेकॉर्ड केलं होतं त्यातले लागतील ते मेसेज आता नवीन ईसीयू कॅनवर पाठवतो, त्यामुळे स्टिअरिंगला अजूनही वाटतं की होंडाचाच ईसीएम आहे. हलकं जड बरोबर होतं. हे जमवायला वेळ लागला, पण जमलं. थ्रॉटलचंही तसंच, पेडलवर दोन सेन्सर, थ्रॉटल बॉडीवर दोन, चौघांचं जुळलं नाही तर ईसीयू थ्रॉटल बंद करणार. दादांनी मुद्दाम चालू इंजिनवर पेडलचा एक सिग्नल तोडून दाखवला, इंजिन लगेच खाली आलं. हे दाखवल्याशिवाय गाडी द्यायची नाही असा त्यांचा नियम आहे.

किल स्विचबाबत एक गोष्ट लिहून ठेवा. फक्त बॅटरी तोडणारा स्विच लावला तर चालू इंजिन बंद होत नाही, अल्टरनेटर त्याला पोसत राहतो. स्क्रूटिनीला (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला) चालत्या इंजिनवर बघतात, आणि बघायलाच पाहिजे. आतून ड्रायव्हरला आणि बाहेरून मार्शलला, दोन्हीकडून चालला पाहिजे, बाहेरची खूण म्हणजे पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, आत लाल वीज, पाया किमान १२ सेंटिमीटर. आमच्याकडे आतलं बटण सीटवर बेल्ट बांधून बसल्यावर पोचेल असं आहे, बाहेरचं पुढच्या काचेच्या खाली, आणि कुठलंही दाबलं की इग्निशन, पंप, अल्टरनेटर सगळं एकदम जातं.

गाडी देताना सोबत एक फाइल मिळते. प्रत्येक कपलरचा फोटो, प्रत्येक पिनेचा नंबर, वायरीचा रंग, कुठून कुठे जाते, पीएमयूचा कोणता चॅनल कशाला आणि त्याची लिमिट किती. प्रिंट लॅमिनेट करून, शिवाय पेन ड्राइव्हवर. ईसीयू आणि पीएमयूची फाइल पासवर्ड न लावता देतात. ट्यूनिंगच्या धंद्यात फाइल लॉक करून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला दरवेळी परत बोलवायचं हा प्रकार सर्रास चालतो, त्यामुळे हे मला फार मोठं वाटतं. पैसे आपले, गाडी आपली, फाइलही आपली.

त्याचा उपयोग चेन्नईला झाला. मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर टेस्टिंगला गेलो होतो, ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, उन्हाळा. गाडी नीट पळत होती, काही तक्रार नाही, पण संध्याकाळी लॉग बघताना भावाला दिसलं की गाडीतल्या पेट्रोल पंपाचा करंट सेशनगणिक थोडा थोडा वर चाललाय. सकाळी पाच अँपिअरच्या आसपास होता तो सात अँपिअरच्या पुढे. फिल्टर चोंदत चालला की पंपाला जास्त जोर लावावा लागतो. फिल्टर काढला, आत कचरा, टाकी उघडून साफ केली होती तेव्हाचा राहिलेला असणार. बदलला, करंट खाली. साध्या फ्यूज-रिलेच्या गाडीत हे दुसऱ्या दिवशी सरळावर पेट्रोल कमी पडून इंजिन लीन होऊनच कळलं असतं, आणि पिस्टनची किंमत फिल्टरपेक्षा किती जास्त असते ते तुम्हाला माहितीये.

आता जे आवडलं नाही ते. वेळ. सांगितलेल्या वेळेच्या जवळपास दुप्पट लागला. थोडा दोष कस्टममध्ये अडकलेल्या कपलरचा, थोडा आमच्या केजवाल्याचा, पण दादा एका वेळी दोनच गाड्या घेतो म्हणतात आणि मध्येच कुणाची रॅलीची गाडी इमर्जन्सी म्हणून आली की तुमची बाजूला जाते. हे त्यांनी आधी स्पष्ट सांगायला हवं. फोन दिवसा उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर करा. जागा अपुरी आहे, पावसाळ्यात शटरपाशी पाणी येतं आणि टेबलं आत सरकवावी लागतात, अशा कामाला याहून चांगली जागा हवी. आणि किंमत: मजुरी जवळजवळ सामानाएवढीच झाली. घरी बाबांना सांगताना जरा जड गेलं. पण मला विचाराल तर ईसीयू एक पायरी खालचा घ्या आणि वायरिंगवर खर्च करा, उलटं करू नका. महागातला ईसीयू खराब लूमवर काही कामाचा नाही.

ट्यूनिंग ते करत नाहीत. बेस मॅप (सुरुवातीचं कामचलाऊ सेटिंग) टाकून, टायमिंग लाइटने टायमिंग जुळवून, गाडी आयडलला गरम होईपर्यंत चालवून देतात. डायनोचं (रोलरवर गाडी चालवून, पॉवर मोजत ट्यून करायचं) वेगळं बघावं लागतं, तो खर्च बजेटमध्ये धरा. व्हीटेक (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची सोय) कधी उघडायचं ते आमच्या ट्यूनरने डायनोवर ठरवलं.

काम द्यायच्या आधी आपल्या क्लासचे नियम वाचा. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) काही क्लासमध्ये मूळ ईसीयूच ठेवावा लागतो, मग हा सगळा खटाटोप कशाला. आणि ही गाडी नंतर रस्त्यावर आणायची नाही, एमएच-४३ ची पाटी लावून वाशीपर्यंत चक्कर मारायचा मोह होतो पण एअरबॅग नाही, एबीएस नाही, कायद्यानेही चालत नाही. ट्रेलर किंवा फ्लॅटबेडचा हिशेब धरूनच ठेवा.

जाताना हे न्या: गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल असेल तर ते, आणि जमलं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवरून त्याच मॉडेलचं एखादं भंगारातलं लूम. मूळ सेन्सरचे कपलर नवीन सुटे सहज मिळत नाहीत आणि जुने उष्णतेने कडक होऊन मोडतात, त्या लूममधून चांगले निवडून काढता येतात. केज आणि रेस सीट बसवूनच न्या, नंतर नाही. आणि जो गाडी चालवणार आहे त्याला एक दिवस सोबत घेऊन जा, कारण त्याला सीटवर बेल्ट आवळून बसवतात, हेल्मेट घालायला लावतात, आणि त्याचा हात कुठपर्यंत पोचतो ते मार्करने डॅशवर खुणा करून मगच कीपॅड आणि किल स्विचची जागा ठरवतात.